दट्ट्याचा आवाज

लेओंस मेलाँ आला तेव्हा जूचं तळं गोठलं होतं,
त्याच्या बुटांना अजून बर्फ.
माझं दुकान वरच्या मजल्यावर, एकोणीस लाकडी पायऱ्या,
येणारा आधी श्वास शोधतो, मग शब्द.

क्रोनोग्राफ हवा, म्हणाला. चावीचा. सेलवरचा नको.
मी मखमलीवर तीन मांडले.
त्याने तोंडं पाहिली नाहीत, पालथे केले,
पाठीच्या काचेतून बघत राहिला:
तरफांखाली तरफा, केसाएवढे स्क्रू,
गल्लीबोळांचं एक गाव
आणि गावात कुणीच झोपलेलं नाही.

हा पहिला, मी म्हटलं, कॅमवर चालतो.
स्वस्त, दणकट, दुरुस्तीला कुरकुरत नाही.
पण दट्ट्या दाबताना अंगठ्याला जोर लागतो
आणि कडक बिस्किट मोडल्यासारखा आवाज होतो.
या दुसऱ्यात खांबांचं चक्र आहे,
सहा खांबांचा बुरूज, मसुरीच्या दाण्याएवढा.
दाबलं की बुरूज एक घर सरकतो,
लोण्यातून सुरी, इतकंच.
तिसऱ्याचा क्लच उभा, काटा निघताना दचकत नाही;
किमतीला मात्र तुम्ही दचकाल.
आणि कडेचे हे आकडे वेगासाठी.
किलोमीटरभर गाडी हाका, काटा वेग सांगेल.
माझ्या गिऱ्हाइकांपैकी कुणी ते केल्याचं ऐकिवात नाही.

मोजायचं काय आहे?

हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते.
कुणी उकडतं अंडं म्हणतं, कुणी पोहणारी लेक,
एक वकील म्हणाला होता, काही नाही, फक्त थांबवता यावं.
लेओंसने हातमोज्याची घडी केली, पुन्हा उलगडली.
"बाबा," म्हणाला.
"रस्त्यापासून आमच्या स्वयंपाकघरापर्यंत एकतीस पायऱ्या.
सफरचंदांच्या दिवसात पन्नास सेकंद.
नाताळात सत्तर.
परवा मी ओट्यावर बोटांनी मोजत होतो
आणि मध्येच चुकलो."
मग हळूच, "त्यांना कळता कामा नये."

ज्यूल मेलाँ. मी ओळखते त्यांना.
चाळीस वर्षं याच खोऱ्यात, खिडकीजवळच्या बाकावर,
हेच दट्टे बसवले त्यांनी.
दोन खोल्या पलीकडून ऐकून सांगत
कुठल्या स्प्रिंगेला तेल जास्त झालंय.

हे मी बोलले नाही.
दुसरं घड्याळ पुढे सरकवलं.
तीस मिनिटांची तबकडी पुरेल, म्हटलं,
आणि शून्यावर आणणारा खालचा दट्ट्या दाखवला.
आत बदामाच्या आकाराचा एक पत्रा असतो,
आम्ही कारागीर त्याला हृदयच म्हणतो.
काटा कुठेही असो, हातोडी त्या पत्र्यावर आपटते
आणि काटा मुकाट शून्यावर.
लेओंसने ते चारदा करून पाहिलं.
सकाळी चावी द्या. अडली की थांबा,
जबरदस्ती नको.
पैसे त्याने रोख दिले, आणि पावती नको म्हणाला,
घरात कुणाच्या हाती लागेल.

संध्याकाळी भिंग खोबणीत ठेवलं, दिवा घालवला.
खाली बास्तियाँ, माझा शिकाऊ, आज पुन्हा थांबलेला,
उंबऱ्यावर मीठ टाकायचं निमित्त करून.
एक हात मिठाच्या पिशवीत, दुसरा कोटाच्या खिशात.
मी कठडा धरला. पहिल्या पायरीवर पाय ठेवला
आणि खालून, खिशाच्या लोकरीआडून,
अगदी पुसट, तो आवाज.

खांबांचं चक्र.
तेल बेताचं होतं, मीच शिकवलंय त्याला.

पुढच्या पायऱ्या मी जरा भरभर उतरले.